पावणेअकराचा फोन

इस्पितळातले लोक त्यांना पाठीमागे मास्तर म्हणत. कामाने ते तिथल्या संगणकांचे राखणदार. व्हायरस, खोट्या मेल आणि पासवर्डचोरी यांपासून चारशे कर्मचाऱ्यांची यंत्रणा सांभाळायची. दर दोन महिन्यांनी ते स्वतःच सगळ्यांना एक खोटी मेल पाठवत. 'तुमची रजा नामंजूर झाली आहे, इथे दाबा.' दाबलं की फसलात. फसलेल्यांची नावं लिफ्टशेजारच्या फलकावर लागत. कल्पना मास्तरांचीच, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

रेकॉर्ड रूममधल्या बाई त्या फलकावर तीनदा झळकल्या होत्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, कुठली फाइल कुठल्या कपाटात हे तोंडपाठ. पण मेल आली की डोक्याआधी हात चाले.

"बाई, हॅटट्रिक झाली की!" मास्तर भरल्या लिफ्टमध्ये म्हणाले होते. सगळे हसले. बाईही हसल्या. त्यानंतर जरा शंका आली की त्या आधी मास्तरांना फोन करू लागल्या.

मंगळवारी सकाळीही केला.

"साहेब, जुन्या रिपोर्टांची यादी म्हणून एक मेल आलीय. तुमची परीक्षा नाही ना ही?"

मास्तरांच्या हातात चहाचा कप होता. स्क्रीनकडे मान न वळवता ते म्हणाले, "पेपर मीच फोडू होय? उघडा, म्हणजे कळेल."

बाईंनी उघडली.

दुपारपर्यंत मेलमधल्या व्हायरसने निम्म्या इस्पितळाच्या संगणकांवरल्या फायलींना कुलूप लावलं. रक्ताचे रिपोर्ट चिठ्ठ्यांवर लिहून वॉर्डात पोचवायची पाळी आली. मास्तर त्या मेलचा माग काढत बसले. येणारी प्रत्येक मेल तपासणाऱ्या फिल्टरने ती अडवली कशी नाही? उत्तर सापडलं तेव्हा त्यांची कानशिलं तापली. आपल्या परीक्षेच्या मेल अडकू नयेत म्हणून त्यांनीच फिल्टरला सांगून ठेवलं होतं, की मेल पाठवणाऱ्या अमुक सेवेवरून येणारं काहीही न तपासता आत सोड. ती सेवा भाड्याची, कुणीही घ्यावी; चोरांनीही तीच घेतली होती. परीक्षा संपली की ही सवलत बंद करायची असते. आठ महिने ती उघडीच होती.

बुधवारी अधीक्षकांनी बैठक बोलावली. "फिल्टरमध्ये एक सेटिंग राहून गेली होती," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. कुणाला त्यातलं काही कळलं नाही. ते कळू नये अशाच बेताने ते बोलले होते.

"ते ठीक. उघडली कुणी?"

"मी," बाई म्हणाल्या.

"पुन्हा तुम्हीच?" अधीक्षक वैतागले. बाईंना लेखी ताकीद, आणि निवृत्तीपर्यंत तळघरातल्या जुन्या कागदांच्या गोदामात बदली. शुक्रवारी आदेशावर सही होणार होती. मास्तर टेबलावरच्या एका ओरखड्याकडे बघत राहिले. फोनचा विषय आता निघेल, मग निघेल, म्हणून ते जीव मुठीत धरून बसले. बाईंनी तो काढलाच नाही.

संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, "तोंड का असं पडलंय?" त्यांनी सगळं सांगितलं.

"मग त्या बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही."

"वा, शोभलं हो!" एवढं बोलून ती कुकर लावायला गेली.

गुरुवारी त्यांनी अहवाल लिहिला. पहिल्या परिच्छेदात फोन, दुसऱ्यात ती सवलत. बाईंनी आधी विचारलं होतं आणि 'उघडा' असं आपण सांगितलं, हे सरळ शब्दांत. अधीक्षकांकडे देण्याआधी तो घेऊन ते रेकॉर्ड रूममध्ये गेले. बाई टेबलाचे खण रिकामे करत होत्या. चष्मा लावून त्यांनी अहवाल सावकाश वाचला.

"अकराच्या सुमारास नाही, साहेब. पावणेअकरा."

खणातून त्यांनी एक छोटी वही काढली. तिसऱ्यांदा फलकावर नाव लागल्यापासून मास्तरांना केलेला प्रत्येक फोन तीत होता. तारीख, वेळ, आणि मास्तर काय म्हणाले ते. शेवटची ओळ मंगळवारची. 'पेपर मीच फोडू होय? उघडा, म्हणजे कळेल.' शब्द न् शब्द.

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली.

"ही वही काल बैठकीत तुमच्याकडे होती?"

"पर्समध्ये होती."

"मग दाखवली का नाहीत?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "मला वाटलं, तुम्ही बोलाल."

त्यांनी पेन पुढे केलं. मास्तरांनी 'अकराच्या सुमारास' वर काट मारली, वर 'पावणेअकरा' लिहिलं, आणि बाईंच्याच टेबलावर उभ्याने सही केली.