अय्युबभाईंची पांढरी वाळू

खाऱ्या पाण्याचे मासे पाळणं हा पुण्यात पैसेवाल्यांचा शौक. त्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घालायचा तो मात्र अय्युबनं. वीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांतले समुद्र साफ करत आला होता. मिठानं हाताची कातडी कायमची फुटलेली. पण कोथरूडपासून मार्केट यार्डापर्यंत नाव असं, की अय्युबच्या टाकीत तळाची वाळू तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी. त्या नावावरच त्याची चूल पेटत होती.

ते नाव धायरीत बुडायची वेळ आली. सर्जेराव बिल्डरच्या बंगल्यातल्या सहा फुटी टाकीत वाळूवर तांबूस, बुळबुळीत शेवाळ साय धरल्यासारखं धरायचं. अय्युब दर मंगळवारी नळीनं ते ओढून काढी. शुक्रवारपर्यंत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यानं दिव्याचे तास कमी केले, पंपाचा झोत तळाकडे वळवला, बोअरचं पाणी बंद करून शुद्ध केलेलं आणलं, वाळू उकरणाऱ्या गोगलगाई सोडल्या. शेवाळ जुमानेना.

"अय्युबभाई, नाव मोठं ऐकलं होतं तुमचं," सर्जेराव सोफ्यावरून न उठता म्हणाले. "पुढच्या मंगळवारी वाळू दिसली नाही, तर दुसरा माणूस बघतो. कुणी विचारलं तर खरं तेच सांगणार."

अय्युबच्या निम्म्या टाक्या सर्जेरावांच्या दोस्तांकडेच होत्या. त्यानं बाही वर केली आणि टाकीतल्या दगडामागे हात घातला. बोटांना काहीतरी गिळगिळीत लागलं. वर काढून हुंगलं, तर आंबलेली कणीक!

त्या घरात अय्युबला चहा विचारणारं एकच माणूस होतं, सर्जेरावांची आई तुळजाबाई. सर्जेराव बाहेर गेल्यावर त्यानं तिलाच विचारलं, "आजी, माशांना काय घालता?"

"कणकेच्या गोळ्या. मालक गेल्यापास्नं एक दिस खाडा न्हाई. आदी आमच्या हिरीत घालत हुते."

त्या विहिरीवर आता सर्जेरावांच्या इमारतीचं पार्किंग होतं. "मासं काढलं बी न्हाई रं कुनी," म्हातारी म्हणाली. "वरनं मुरूम वतला. म्या उभी हुते."

"आजी, हे समुद्राचे मासे. कणीक सडते, त्यावर शेवाळ पोसतं."

"समुद्राचं आसलं तरी भूक येकच की. तोंडात घेत्यात, म्या बघते ना."

तोंडात घेऊन ते थुंकून टाकतात, हे सांगायला अय्युबची जीभ उचलेना. आठवडाभर थांबा, माझ्या पोटावर येतंय, एवढंच तो म्हणाला. म्हातारीनं गळ्याची शपथ घेतली. पुढच्या मंगळवारी शेवाळ होतं तिथंच होतं. "उपाशी ठिवून मला घास जाईल का रं?" म्हणत ती त्याचा चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात सर्जेराव आले. "मग? बघू दुसरा माणूस?"

अय्युबनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कपबशी वाजली. "साहेब," तो हळूच म्हणाला, "पाण्यात कणीक पडतेय."

नाव घ्यायची गरजच नव्हती. म्हातारी चहा घेऊन आली तेव्हा सर्जेराव टाकीचं झाकण चाचपत होते.

त्याच दिवशी टाकीच्या झाकणाला कुलूप लागलं. आईची खाट वरच्या मजल्यावर गेली. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरणं तिला जमणार नाही, हे मुलाला पक्कं ठाऊक होतं. तीन आठवड्यांत वाळू लख्ख झाली. सर्जेरावांनी पाहुण्यांना दाखवत अय्युबची तारीफ केली, दोन नव्या टाक्याही मिळवून दिल्या. त्या तारिफेची अय्युबला शिसारी आली. टाक्या मात्र त्यानं घेतल्या.

एका मंगळवारी जिन्याच्या वरून हाक आली. "अय्युब, मासं खात्यात का रं?"

"खातात, आजी."

"माजी चुगली कुन्या मेल्यानं केली? तुला ठावं हाय का?"

अय्युबचा हात पाण्यातच राहिला. "नाही, आजी."

"जाऊ दे. बाईला सांगून तुजा च्या ठिवलाय. पिऊन जा, न्हाईतर निवंल."

कामवालीनं कप आणून दिला. म्हातारी वरून बघत होती, म्हणून अय्युबनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला.