पंखाखालचा कापूस

साल दोन हजार अकरा, मी एकसष्ट वर्षांचा होतो. आज सुनेनं फवारणीच्या पंपात पेट्रोल ओतलं अन् त्या वासासरशी मी त्या दुपारी जाऊन उभा राहिलो.

यवतमाळच्या धावपट्टीला लागून माझं वावर. एका शिकाऊ पोरीचं लहानसं विमान उतरताना कुंपण तोडून माझ्या कापसात नाक खुपसून थांबलं. सांडलेल्या पेट्रोलच्या वासात पोरीला मीच बाहेर काढलं. ती रडत म्हणाली, "काका, तुमचं नुकसान केलं मी."

"जित्ती हाय ना तू? मंग झालं."

राग आला तो नंतर. चौकशीवाले साहेब येईपर्यंत आत कोणी जायचं नाही म्हणून पोलिसांनी भोवती दोर बांधला. बोंडं फुटलेली, वर आभाळ भरलेलं, अन् मी माझ्याच बांधावर परका.

"साहेब कवा येतीन?"

"सांगता येत नाही, बाबा."

कितीदा विचारलं, तेच उत्तर. तेव्हा पावसाची धास्ती होती. आज वाटतं, पावसापेक्षा त्या उत्तरानंच मला जास्त जाळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली अन् दोराखालून आत शिरलो. शिपाई ओरडला, "बाबा, विमानाले हात लावू नका!"

"तुह्या विमानाले कोण हात लावते? मले माहा कापूस पायजे," म्हणालो अन् पंखाखाली वाकून वेचायला लागलो.