विहिणीचा मान, दोन घमेली

आमच्या विहीणबाईंना नाही म्हणणारा माणूस रायगड जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर बारशालाच त्याच्याकडून वर्गणी घेतली जाईल. आम्ही पेणचे, त्या रोह्याच्या. मुलगी त्यांच्या घरात दिली तेव्हा वाटलं होतं, मधे तासाभराचं अंतर आहे, निभावेल. कसलं काय! रविवार उजाडला की दारात हाक, "व्याहीबुवा, चहा नको, आधी पावती फाडा!" मग चहाही घेतात.

हे सारं एका गाढवापायी. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात गावकऱ्यांनी मिळून एक केंद्र चालवलंय. न बोलणारी, बिथरणारी मुलं तिथं जनावरांच्या सोबतीत शांत होतात. आमची नात तिथल्या सुभेदार नावाच्या म्हाताऱ्या गाढवाला टेकून बसते. आम्हा दोन घरांतल्या कुणालाही मात्र अंगाला हात लावू देत नाही. गेल्या उन्हाळ्यात स्लॅब असा तापला की केंद्र दुपारचं बंद ठेवावं लागलं, आणि पोर घरी भिंतीवर डोकं आपटू लागली. तेव्हा विहीणबाईंनी पदर खोचला. छपरावर माती घालून हिरवळ लावायची! गाव हसलं. "आमच्या डोक्यावर पत्रे, नि गाढवाच्या डोक्यावर बाग?" त्या म्हणाल्या, "अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी तर नुसती वर्गणी मागत्ये."

मागितली कुठे नाही? साखरपुड्यात, मुंजीत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत, लाडू वाढता वाढता. त्यातून पाणी अडवणारं कापड आलं, माती राहिली. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातही गेल्या. मालकानं हात जोडले, "बाय, शाडूत गवत नाय उगवत." मग बाईंना युक्ती सुचली. स्वतःच्या मुलाचं लग्न कधीच उरकलेलं, तरी नात्यातल्या प्रत्येक लग्नात त्या विहीण म्हणून रुसून बसू लागल्या. साडी पुढे केली की तोंड फिरवायच्या. "साडी नको. शेतातली दोन घमेली माती द्या, तरच पानावर बसेन." विहिणीचा मान मोडायची कुणाची छाती आहे? मीही गोणी घेऊन एसटीत चढलो.

"काका, काय हाय यात?" कंडक्टरनं विचारलं.

"माती."

"रोह्यात माती नाय व्हय?"

मी गोणीचंही तिकीट घेतलं.

पावसाळ्यात छपरावर भात उगवला. उगवणारच, सगळ्यांनी भातशेतातलीच माती दिलेली. भातामागून वाल आले. विहीणबाई ढिम्म. "हिरवं आहे ना? झालं तर!" वालाच्या शेंगांची त्यांनी मडक्यात पोपटी लावली आणि खाणाऱ्यांकडून तिचीही वर्गणी घेतली. त्याच पैशांतून पुढं हरळी लावली.

परवा भर वैशाखात दुपारी गेलो. केंद्र उघडं होतं, आत छान गारवा. नात सुभेदाराच्या पोटाला टेकून झोपली होती, आणि तिचा एक पाय विहीणबाईंच्या मांडीवर होता. तिनं आपणहून ठेवलेला. मुंग्या आल्या असतील, पण बाई हलल्या नव्हत्या. "विहीणबाई, आज पावती..." मी चेष्टेनं म्हणायला गेलो, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे भरलेले होते.

मी शेजारी बसलो. खरं सांगतो, मला त्या मांडीचा फार हेवा वाटला. मग वर पाहिलं, आणि आठवलं, त्या छपरात दोन घमेली माझीही आहेत.