डिस्कवर उरलेली दहा मिनिटं

आमचा डीव्हीडी रेकॉर्डर मायनसवाला. हे कळायला मला बाजारात दोन हेलपाटे पडले. दुकानदारानं विचारलं, "चाचा, प्लस दूँ या मायनस?" मी चौथी शिकलेला. अधिक म्हणजे जास्त, वजा म्हणजे कमी, एवढं गणित येतं. म्हटलं, "भिकारी दिसतो का मी? प्लस दे." घरी येऊन डिस्क आत घातली, मशीननं बाहेर थुंकली. पुन्हा घातली, पुन्हा थुंकली. बायको हसून हसून खाली बसली.

"अहो, आपलं मशीन वजाचं हाय. तुमच्यासारखं!"

पुढं बाकीचं समजलं. नुसतं आर लिहिलेली डिस्क एकदाच भरते. आरडब्ल्यूवाली पाटीसारखी पुसता येते. पाटीवर ही टीव्हीतल्या रेसिपी घ्यायची, घरचे कार्यक्रम आरवर.

खरी भानगड फायनलची. डिस्क फायनल केली नाही तर ती फक्त आपल्याच मशीनवर चालते, दुसऱ्याकडं मुकी. फायनल केली की कुठंही चालते, पण मग तिच्यात नवं काही जात नाही. मी लूमवर कापड विणणारा. कापड उतरवलं की विकायला मोकळं, पण पुढं विणता येत नाही, तसंच हे. हळदीकुंकवाची डिस्क मी फायनल करायला गेलो, तर हिनं हातातून रिमोट ओढला.

"दहा मिनिटं जागा हाय अजून. अर्धा डबा भरून कोण झाकण लावतं?"

डिस्क तशीच राहिली. ही गेली, त्याला दोन वर्षं झाली.

आता मशीन खोकतं. ट्रे सुरीनं ओढावा लागतो. सासरहून, अंबाडीहून मुलगी आली नि म्हणाली, "बाबा, हे मेलं की आईपण गेली. फायनल करा."

"तिनं नको म्हटलंय."

"तिनं दहा मिनिटं भरायची ठेवलीत. भरा की!"

डिस्क लावून बघितली. बायांच्या घोळक्यात ही उखाणा घेते, माझं नाव घेते, मग दाराकडं वळून म्हणते, "आता तुम्ही घ्या." त्यावर माझा आवाज, "हट्, बंद कर तो कॅमेरा!" पळणाऱ्याचा नुसता सदरा दिसतो. मूर्ख माणूस.

शुक्रवार धरला. त्या दिवशी गावातले लूम बंद, म्हणून लाईट टिकते. फायनल होताना लाईट गेली तर डिस्क कामातून गेली. मुलीनं तोच जुना कॅमेरा मशीनला जोडला. मी इस्त्रीचा सदरा घातला.

"सरळ बसा बाबा. पासपोर्टचा फोटो न्हाय."

मी उखाणा घेतला. मशीन आमचं मायनसचं, प्लस लागत नाही, अमकीचं नाव घेतल्याशिवाय डिस्क बंद होत नाही. अमकी इथं लिहायला. तिथं नाव घेतलंय, चांगलं मोठ्यानं.

मग उरलेला वेळ हिला शिव्या घातल्या, माझ्याआधी का गेलीस म्हणून. मुलगी कॅमेऱ्यामागं हसत होती नि नाक ओढत होती. जागा संपली तसं मीच फायनलचं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत दोघं पंख्याकडं बघत होतो, फिरतोय ना म्हणून. फिरत राहिला.

मुलगी डिस्क घेऊन घरी गेली, संध्याकाळी अंबाडीहून तिचा फोन आला. "बाबा, आमच्याकडं लागली!"

"आई दिसते का?"

"दिसते. आधी ती, मागून तुम्ही."

म्हटलं, बरोबर लागली.