हसबनीस बाईंची चौथी बैठक

रविवारी संध्याकाळी मी सात टेबलांच्या ऑर्डरी न लिहिता घेतल्या आणि एकही न चुकता पोचवल्या.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, मीही लिहिलेलं नाही. रविवारची संध्याकाळ अजून व्हायची आहे. आज रविवारच, पण दुपारचे साडेतीन वाजलेत, मिरजेत दिनूमामाच्या हॉटेलचं शटर अर्धं खाली आहे आणि मी आतल्या बाकावर आडवा पडलोय. गळ्यात सुतळीला बांधलेली वही आणि पेन्सिल आहे. शेळीला घंटा बांधतात तशी मामानं ती मला बांधली आहे.

मी विश्वजित खोत, वय चोवीस, धंदा वेटर. मागच्या दिवाळीपर्यंत अकरा टेबलांच्या ऑर्डरी डोक्यात ठेवायचो. मग स्कूटरवरून एका उभ्या म्हशीला धडकलो. वेग ताशी वीस. म्हशीला काही झालं नाही. माझ्या मेंदूला सूज आली, मग उतरली, आणि उतरताना बरंच काही बरोबर घेऊन गेली. जुनं सगळं आठवत होतं, पण आत्ताचं टिकत नव्हतं. दोन चहा ऐकले की भटारखान्यात पोचेपर्यंत एकच उरायचा. मामानं पाच महिने कळ काढली. शेवटी म्हणाला, अकरा राहू दे, रविवारी नुसती सात जमव, नाहीतर सोमवारपासून बटाटे सोल. बटाटे काय ऑर्डर देत नाहीत.

सहा टेबलांपर्यंत मी आलोय. सातवं ऐकलं की आधीची सहाही सांडतात.

ही सहा टेबलं डॉ. मालिनी हसबनीस यांच्यामुळे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर बाई घरच्या पुढच्या खोलीत डोक्याला मार बसलेल्या लोकांवर संमोहनाचे उपचार करायच्या. आता डोळ्यांपुढे घड्याळ हलवतील असं समजून मी गेलो होतो. घड्याळ होतं, पण भिंतीवर, आणि तेही बंद. बाई नुसत्या बोलायच्या, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात इतक्या कोरड्या सुरात. म्हणायच्या, मी काही परत आणून देत नाही. डोक्यात जे शाबूत आहे पण घाबरून आत बसलंय, त्याला फक्त कळवते की सुट्टी संपली. पहिल्या बैठकीनंतर तीन टेबलं, दुसरीनंतर चार, तिसरीनंतर सहा. चौथी आणि शेवटची गुरुवारी अकराला होती.

बुधवारी बाई गेल्या. मामानं मला सांगितलं, मी हळहळलो आणि विसरलो. गुरुवारी त्यांच्या दारात जाऊन त्यांच्या भाचीला विचारलं, बाई आहेत का. ती बिचारी रागावली नाही. पाणी दिलं आणि तीच बातमी मला दुसऱ्यांदा पहिल्यांदा सांगितली. ते मात्र मी विसरलो नाही. विसरलो असतो तर चाललं असतं.

पंखा घरघरतो. पापण्या जड होतात. कुणीतरी टेबल वाजवतं.

मी उठून बाहेर येतो. सातव्या टेबलावर हसबनीस बाई बसल्या आहेत. मोरपंखी साडी, नाकावर घसरलेला चष्मा. बाकीची सहा टेबलंही भरलीत. त्यांच्या ऑर्डरी घेतल्याचं मला आठवत नाही, पण ऑर्डरी आठवतात, म्हणजे उलटाच प्रकार आहे. बाई गेल्या आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे का, हे कसं विचारावं कळत नाही. म्हणून मी टेबलावर फडकं मारतो.

"बसा म्हणत नाही," बाई म्हणतात. "तुम्ही कामावर आहात."

मला 'तुम्ही' म्हणाल्या, म्हणजे मी झोपलोय. बाईंचा नियमच होता तसा. जाग्या पेशंटला सरळ अरे-तुरे, आणि तो संमोहनात गेला की अहो-जाहो. मी एकदा कारण विचारलं होतं. म्हणाल्या, झोपेतल्या माणसाशी अदबीनं वागावं, परत यायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर असतं. जागं करताना मात्र "विशू, ऊठ", बस्स. त्या 'ऊठ'ला मी तीनदा उठलोय. मामाच्या 'ऊठ'ला एकदाही नाही.

मी आधी गुरुवारचं सांगून टाकतो. भाचीला काय विचारलं, तिचा चेहरा कसा झाला, सगळं.

"वेळेवर आला होतात?"

"अकराला पाच कमी."

"मग तुमची हजेरी लागली. गैरहजर मी होते."

ती बैठक आज भरून काढू, असं त्या म्हणतात आणि ऑर्डर घ्यायला सांगतात. मी सवयीनं वही उचलतो. सुतळीच्या टोकाला वांगं आहे. त्यावर लिहून बघतो. अक्षर उमटत नाही.

"उप्पीट एक," बाई म्हणतात. "वर शेव नको, लिंबू बाजूला. चहा बिनसाखरेचा, कपात नको, पेल्यात. चहा आधी, उप्पीट नंतर. आणि त्या सहांच्या आधी माझं आणू नका. मी थांबू शकते."

भटारखाना बारा पावलांवर आहे. मी दार ढकलतो आणि हॉस्पिटलच्या वॉर्डात उभा असतो. कोपऱ्यातल्या पलंगावर मीच आहे, डोक्याला बँडेज. शेजारी स्टुलावर मामा बसलाय आणि त्या पलंगावरच्या मला विचारतोय, मी कोण सांग. पलंगावरचा मी म्हणतो, दिनूमामा. मामा खिडकीकडे तोंड करून नाक पुसतो, परत वळतो आणि परत विचारतो, मी कोण सांग. हे मामानं मला कधी सांगितलेलं नाही. त्याच्या मते तो त्या दिवसांत हॉटेलातच होता, गिऱ्हाइकं होती.

वॉर्डातले पेशंट मला बघून हात वर करतात. एकाला कांदाभजी हवीत, एकाला दोन वडे, एकासोबत पाव नको. सलाइन लावलेले एक आजोबा मिसळीच्या कटासाठी वाडगा पुढे करतात. मी सगळ्यांना सांगतो की हे टेबल माझ्याकडे नाही, आणि ओठ हलवत चालत राहतो. शेव नको, लिंबू बाजूला, पेल्यात.

वॉर्डाच्या टोकाला रस्ता आहे. रस्त्यात म्हैस आहे. म्हशीपुढे चार हातांवर स्कूटर, आणि स्कूटरवर मागच्या दिवाळीतला मी. केस चोपून बसवलेले, एक पाय जमिनीवर. अजून धडकलेला नाही. पाच महिने तिथंच उभा असावा, कारण पेट्रोल संपलंय आणि सीटवर कबुतरानं घाण केली आहे.

"अकरा टेबलं तुझ्याकडंच आहेत ना?" मी विचारतो.

"आहेत की. पण ही हलल्याबिगर कसा येऊ?"

मी म्हशीला हाकलतो. हो-हो करतो, शेपूट ओढतो, वांगं दाखवतो. म्हैस ढिम्म. मागून चपला वाजतात. बाई आल्यात, पदर खोचून, हातात रुमाल. वॉर्डातून चालत आल्यानं जरा दम लागलाय. त्या म्हशीच्या कानाशी वाकतात, औषधाच्या बाटलीच्या सुरात.

"अहो, जरा बाजूला होता का? यांना कामावर जायचंय."

म्हशीलाही अहो, म्हणजे तीही झोपेत होती. पाच महिने माझ्या डोक्यात एक झोपलेली म्हैस उभी होती आणि मी तिच्यावर ओरडत होतो. म्हैस एक डोळा उघडते, विचार करते आणि बाजूला होते. मला अनेक मोठमोठे डॉक्टर भेटले. त्यांनी फोटो काढले, रिपोर्ट दिले, पण म्हशीला विनंती करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

दिवाळीतला मी स्कूटर तिथंच टाकतो, मामा ओरडेल का विचारतो, मी 'ओरडेल' म्हणतो, तो खूश होऊन येतो. भटारखान्यात पोचेपर्यंत आम्ही एकच आहोत, आणि मी सात टेबलं एका दमात सांगतो.

सहांचं आधी देतो. मग बाईंचा चहा, पेल्यात. मग उप्पीट. बाई वाकून बघतात, शेव नाही, लिंबू बाजूला. त्या लिंबू पिळतात, आणि बाईंना काहीतरी आवडलंय हे मी पहिल्यांदाच बघतो. तेवढ्यात माझ्या मनात येतं, की आता झोपलेल्या त्याच आहेत.

त्यांना उठवायचं तर एकेरीतच. शहात्तर वर्षांच्या डॉक्टरीणबाईंना एकेरीत बोलायची माझी काय टाप.

"बाई, ऊठ."

पंखा थांबतो. सहाही टेबलं माझ्याकडे बघतात. बाई चमचा खाली ठेवतात, पण रागावत नाहीत. पुन्हा म्हणून बघा, असं म्हणतात.

"ऊठ ना, बाई."

"आवाज अगदी बरोबर लागलाय," त्या म्हणतात. "पण परत यायचं ते ज्याच्या-त्याच्या मर्जीवर असतं, असं मी म्हणाले होते ना? ते सगळ्याच बाबतीत खरं नाही."

मग त्या पिशवीतून माझा केसपेपर काढतात. तीन रकाने भरलेत, चौथा कोरा आहे. सहीसाठी मी पेन्सिल शोधतो, तर त्या शाईचं पॅड पुढे सरकवतात. मी बारावी पास आहे, सांगून बघतो.

"सही जागेपणी करतात. झोपेत अंगठा."

मी अंगठा उठवतो. त्या कागदावर फुंकर मारतात, घडी करतात आणि चष्मा वर सरकवतात.

"विशू, ऊठ."

शटर खडखडत वर जातं. उतरतं ऊन बाकावर येतं. मामा माझ्या डोक्याशी उभा आहे आणि माझ्या हाताकडे बघतोय. डाव्या अंगठ्याला जांभळी शाई आहे, ओली. आमच्या हॉटेलात शाईचं पॅड नाही, कधीच नव्हतं. मामा सहीसुद्धा माझ्याच पेनानं करतो.

"मतदान करून आलास काय रं?" मामा म्हणतो. "आणि बोट पण चुकलंय."

मी मोरीकडे जातो. साबण लावण्याआधी मी तोच अंगठा खालच्या अर्जावर उठवलाय.

प्रति, मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी विभाग, यांसी. विषय: कै. डॉ. मालिनी हसबनीस यांच्या मृत्यूच्या तारखेत दुरुस्तीबाबत. महोदय, उपरोक्त डॉक्टरांनी रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांपर्यंत कामकाज केल्याचा पुरावा अर्जदाराच्या अंगठ्यावर उपलब्ध आहे. सबब त्यांचा मृत्यू बुधवारऐवजी सदर वेळेपासून लागू करण्यात यावा व मधले दिवस त्यांच्या नावे अर्जित रजा म्हणून धरण्यात यावेत. अर्जदाराचे उपचार पूर्ण झाले असून त्याची कोणतीही तक्रार नाही. तथापि, आपल्या अधिकारात बसत असल्यास, पाचव्या बैठकीची तारीख लेखी कळवण्यात यावी.