पलीकडचा काठ

उमादेवीला दिराची जिरवायची होती. बाकी सगळं त्यातून निघालं.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या तलावाकाठी तिच्या नवऱ्यानं हॉटेल उभं केलं होतं; भटारखाना ती सांभाळायची. नवरा वारला आणि वर्षाच्या आतच धाकटा दीर राजशेखर यानं तिला बाहेर काढलं. "वहिनी, पलीकडच्या काठाचा माळ तुमच्या वाटणीचा हाय की. म्हशी बसवा तिथं!" असं चारचौघांत म्हणून तो हसला. ते हसणं तिच्या काळजात रुतलं.

हॉटेलात असताना तिनं एक प्रकार पाहिला होता. धाराशिवच्या बानूबाई लेकी-सुनांना घेऊन आल्या होत्या. नमाजाला कोपरा अन् हातपाय धुवायला नळ, एवढंच त्यांनी मागितलं, तर राजशेखरनं त्यांना गेटावरूनच वाटेला लावलं. उमादेवीनं आता त्यांचं घर शोधून काढलं.

"त्यानं तुमचा अपमान केला, माझं घर लुटलं. करायचं का कायतरी?"

बानूबाईंनी तिच्या गळ्यातल्या लिंगाकडं पाहिलं. "आमच्यात मटण शिजतं, बाई. चालंल?"

उमादेवी लिंगायत; मटणाच्या नुसत्या वासानंही ती उठून जायची. "चूल लांब मांडा," ती म्हणाली. "त्याच्यासाठी मला कायबी चालतंय."

माळावर कुडाच्या खोल्या उभ्या राहिल्या. वजूचे हातपाय धुवायला पाणी, नमाजाला सावलीतला ओटा, बायकांना आडोशाचा घाट. दारू, डीजे, इंजिनाची होडी, काहीच नाही. लातूर-सोलापूरची मुसलमान कुटुंबं येऊ लागली. राजशेखरच्या गोंगाटाला विटलेली बदकं आणि करकोचेही या काठाला सरकले. मग पक्षी बघणारेही इकडंच उतरू लागले. समोरच्या हॉटेलात दिवे कमी होत गेले, तसतशी उमादेवीची हॉटेल सुटल्यापासून मेलेली भूक परत येऊ लागली.

शेवटी राजशेखर स्वतः आला.

"वहिनी, रिकामं हॉटेल खायला उठतंय. दोन्ही काठ मिळून चालवू. तुम्ही म्हणाल तसं."

बानूबाईंचा राग केव्हाच निवला होता. "जाऊ द्या, बाई. दाराशी आलाय."

"तुमचं फिटलं असंल. माझं न्हाय." उमादेवी दिराकडं वळली. "भाऊजी, आधी ते हॉटेल पाडा. झाडं लावा तिथं. मग बोलू."

"अवो, दादानं बांधलेलं हाय ते!"

"त्यातनंच मला काढलं तुम्ही."

रिकामं हॉटेल पोसणं जमेना, तेव्हा उन्हाळ्यात राजशेखरनंच जेसीबी आणला. उमादेवी दिवसभर काठावर उभी होती. भटारखान्याची भिंत कोसळली तेव्हा बानूबाईंनी हळूच विचारलं, "झालं समाधान?"

उमादेवीनं पदरानं डोळे पुसले. "व्हय," ती म्हणाली. "लई."