खड्यातली मुंगी

डोणगावच्या बाजारात अंगठीचे खडे विकणारा एक म्हातारा बसते. एक डोळा मिटून प्रत्येक खडा उन्हात पाह्यते. परवा त्याच्या पिवळ्या खड्यात, एका कडेले, मले मुंगी दिसली अन् मी ओरडलोच! झाडाचा डिंक करोडो वर्षांत दगड झालेला, अन् मुंगी आत जशीच्या तशी!

"काका, कुठचा हा?"

"गुजरातच्या खाणीतला."

अरे, तिथल्या अशा खड्यांतले किडे युरोपातल्या किड्यांचे नातेवाईक निघाले! आपल्या भारताची जमीन तवा समुद्रात बेटासारखी एकटी होती म्हंतात, मंग हे आले कसे?

"मले द्या, हाय तसाच."

"दोषी खडा मी इकत नाही, पोरा. मेला जीव बोटात घालून तुह्यं वाईट झालं तं पाप मले लागन."

"मले बोटात घालायचाच नाही!"

"सगळे असंच म्हंतात," म्हणत तो पॉलिश पेपरवर खडा घासू लागला. मी हात धरला, त्यानं हसत सोडवला. असा संताप आला मले, पण भांडू कोणाशी? माह्या भल्यासाठीच तं मुंगीचा भुगा करून राह्यला होता!

त्यानं फुंकर मारली अन् खडा माह्या हातावर ठेवला.

"घे. आता बिनधास्त घाल."